डावी पाकळी

इंग्रजी निबंध आपल्याला उत्तम लिहिता येतो, अशा घमेंडीत मी मुंबईच्या कॉलेजात दाखल झाले. रत्नागिरीच्या शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत. आरंभी एक सुभाषित, मध्ये चंद्र-सूर्य आणि शेवटी सगळ्या मानवजातीला उपदेश, हा माझा ठरलेला बेत कोणत्याही विषयाला चालायचा. मग विषय वक्तशीरपणा असो नाहीतर गाय.

कॉलेजातले आमचे प्राध्यापक किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझा पहिला निबंध परत दिला तेव्हा त्यावर गुणच नव्हते. परिच्छेदापरिच्छेदाच्या कडेला लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, ‘हे कशावरून?’ मला इतका राग आला की वसतिगृहात येऊन मी त्या कागदाची घडी करून डगमगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली घातली. पण दुसऱ्या निबंधाचीही तीच गत झाली, तिसऱ्याचीही, आणि मग चडफडत का होईना, मी ऐकायला लागले.

ते म्हणत, आपल्याला जे खरं वाटतं ते आधी एका वाक्यात मांडा. मग ते पाडेल अशी गोष्ट शोधायला निघा. सापडली नाही तरच ते वाक्य तुमचं. विरुद्ध बाजू लिहायची तर अशी लिहा की विरोधकानं वाचून खाली सही करावी. साक्षीदार कोण, त्याला काय मिळत होतं, आणि कोणाला विचारायचं राहून गेलं, हे पाहिल्याशिवाय लेखणी ठेवू नका. ऐकायला सोपं वाटतं. पण ही सवय अंगात भिनली की माणसाची झोप उडते. ओळखीच्या चेहऱ्याकडे फार वेळ टक लावून बघितलं की तो अनोळखी दिसू लागतो, तसं मला आमच्या घराचं व्हायला लागलं. लहानपणापासून ऐकलेली एकेक गोष्ट आठवायची आणि तिच्यातून गार वारा यायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी त्यांनी विषय दिला तो असा: तुमच्या घरात ज्या गोष्टीवर कोणीच शंका घेत नाही, ती घ्या आणि तपासा. वर म्हणाले, “टवाळी करू नका. टवाळी म्हणजे आळस.” इतरांनी मुहूर्त, ग्रहण, आडवं जाणारं मांजर असले विषय धरले. मी रत्नागिरीच्या बोटीवर सामानाच्या गाठोड्याला टेकून बसले असताना माझा विषय ठरवला. आमच्या गावदेवीचा कौल.

कौल म्हणजे देवीला विचारलेला प्रश्न आणि तिनं दिलेलं उत्तर. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही. आमच्याकडे लग्न, विहीर, वाटणी, आजारपण, काहीही कौलावाचून होत नसे. आणि आमच्या घरात तर एक माणूस केवळ कौलावर जिवंत होता.

ते माझे काका. मी सहा वर्षांची असताना ते आफ्रिकेला एका पेढीवर कारकून म्हणून गेले. दोनेक वर्षं पत्रं आली, मग थांबली. पेढी बुडाली एवढं कळलं, काकांचं काहीच कळलं नाही. घरात राहिलो वडील, म्हणजे आमचे अण्णा, मी आणि काकू. माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेलेली. मला वाढवलं ते काकूनं. काकांची खबर येईना तेव्हा अण्णांनी देवीला विचारलं, भाऊ आहे का? देवीनं उजवी दिली. मग दरवर्षी वैशाखात विचारायचं आणि दरवर्षी उजवी यायची, आणि काकू कुंकू लावायची, हळदीकुंकवाला जायची, आपले गुडघ्यापर्यंतचे केस दर बुधवारी धुऊन अंगणात वाळवायची.

त्या वर्षी मी घरी पोचले तर घराचा रंगच वेगळा. परगावी गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर नसली तर तो गेला असं धरायचं, असं आमच्यात शास्त्र. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं. काकांची बारा वर्षं भरत आली होती. विधी झाला की काकू विधवा, आणि सकेशा विधवेच्या हातचं पाणी आमच्या भावकीत चालत नसे. म्हणजे न्हावी येणार, नाहीतर जिनं मला भरवलं ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसणार. अण्णा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मुलीला बी.ए.ला पाठवणारा हा माणूस भावजयीच्या केसांसाठी भावकीशी भांडायला मात्र धजत नव्हता. अशी सुधारक माणसं आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात.

“देवी काय म्हणते बघू,” अण्णा मला म्हणाले. “ती ‘आहे’ म्हणाली तर भटजींना सांगता येईल.”

कौलाला मी लहानपणापासून जात होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सकाळची वेळ, जांभ्या दगडाचं बुटकं देऊळ, आत गारवा आणि तेलाचा वास. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पाकळी गळली. इतक्या पटकन, की कोणीतरी बोटानं काढावी. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गुरवानं पाषाण पुसला, नव्या पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावी. त्यानं पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेला मात्र बराच वेळ काही हललं नाही. बाहेरचे पक्षी गप्प झाल्यासारखे वाटले. मला उगीचच मागे वळून बघावंसं वाटलं. काकू दाराशी उभी होती आणि पाषाणाकडे एकटक बघत होती, डोळ्याचं पातं न लववता. मग उजवी पाकळी सुटली आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

“दिली उजवी!” अण्णा म्हणाले.

सगळे बाहेर पडल्यावर मी गुरवाला गाठलं. तो म्हातारा माणूस, माझ्या प्रश्नाला हसला.

“डावी पडली म्हंजे देवी नाय म्हणाली आसा नव्हं, ताई. तिचा ध्यान नव्हता. मंग पुना इचारायचा.”

“आणि उजवी पडली तेव्हा ध्यान होतं, हे कशावरून?”

“मंग! पडली न्हवं का उजवी?”

“दरवर्षी आधी डावी पडते?”

“तुमच्या काकांच्या येळेला पडते खरी,” तो म्हणाला आणि निर्माल्य गोळा करायला लागला.

मी घरी आले ती जवळजवळ पळतच. मला माझा निबंध सापडला होता. कौल खरा ठरतो कारण तो खोटा ठरवणारं उत्तर कोणी उत्तर म्हणून धरतच नाही. नको ते आलं की पुसायचं आणि हवं ते येईपर्यंत विचारत राहायचं. मी आणखी चार घरी फिरले, त्यांचे कौल विचारले. सगळीकडे तेच. कोणी लपवत नव्हतं, सगळे मोकळेपणानं सांगत होते. हे इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं, याचीच मला जास्त धास्ती वाटली. मी निबंध लिहिला. चंद्र नाही, सूर्य नाही, एकेक वाक्य ठोकून बसवलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण काहीतरी खरं लिहिलं असं वाटलं, आणि त्या आनंदात मी तो अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो पडवीत बसून वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“तुझी वाक्यरचना फार सुधारली,” ते म्हणाले. “आणि म्हणणं बरोबर आहे. मी इतकी वर्षं स्वतःला फसवत होतो.”

मी सुखावले. मग ते म्हणाले, “कौलाला अर्थ नाही म्हटल्यावर विधी थांबवायला दुसरं काही उरत नाही. भटजींना निरोप धाडतो.”

मी कौलाची तपासणी केली होती. काकूच्या डोक्यावरचं छप्पर त्याच एका वाशावर उभं आहे, हे मला ठाऊक होतं, पण निबंध लिहिताना ते ठाऊक असून नसल्यासारखं झालं होतं. अण्णांशी मी भांडले, रडले. ते म्हणाले, “रडणं हा युक्तिवाद नव्हे. तुझे प्राध्यापक काय म्हणतील?”

दोन दिवसांनी पळसाची पानं आली. पडवीत चटईवर त्यांचा ढीग पडला. डोक्यासाठी एक नारळ वेगळा काढून ठेवला, डोळ्यांसाठी कवड्या आल्या. अजून काहीच रचलं नव्हतं, तरी दुपारी सगळीकडे सामसूम झाली की तो ढीग कुशीवर निजलेल्या माणसासारखा दिसे. पानं सुकताना आपोआप हलतात, कुरकुर वाजतात, हे मला कळत होतं. तरी पडवीतून जाताना मी भिंतीच्या कडेनं जाई. काकू मात्र त्याच्याभोवती शांतपणे केर काढायची. एकदा मी तिला त्या नारळाच्या खालची चटई नीट करताना पाहिलं, झोपलेल्याची उशी सारखी करावी तशी.

भटजी मुहूर्त सांगायला आले तेव्हा मी चहा द्यायच्या निमित्तानं तिथंच उभी राहिले.

“भटजी, विधी झाला आणि काका परत आले तर?”

“त्याचीही सोय शास्त्रात आहे हो,” ते कौतुकानं म्हणाले. “तुपाच्या कुंडात स्नान घालायचं आणि नुकत्या जन्मलेल्या मुलासारखे सगळे संस्कार पुन्हा करायचे. बारसं, मुंज, सगळं. आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.”

“आणि तिचे केस?”

“केस काय, वाढतात.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याच क्षणी मला माझ्या निबंधाचा दुसरा भाग दिसला. ज्या नियमानं आपली चूक दुरुस्त करायची सोय आधीच करून ठेवली आहे, त्या नियमालाच ठाऊक आहे की आपण चुकू शकतो. मग बारा वर्षं हा पुरावा कसा? तो तर फक्त थकवा. वाट बघून माणसं थकतात, आणि त्या थकव्याला विधीचं नाव देतात. कौल जिवंतपणाचा पुरावा नाही हे मी दाखवलंच होतं. आता दाखवलं की बारा वर्षं मरणाचाही पुरावा नाहीत. भटजींची बाजू मी इतकी नीट मांडली की त्यांनी खाली सही केली असती. शेवटचं वाक्य लिहिलं: या घरात काकांच्या मृत्यूचा पुरावा कोणाजवळही नाही, आणि पुरावा नसताना एका जिवंत माणसाला शिक्षा करता येत नाही.

तो भागही अण्णांनी वाचला. आपण दिलेलं शस्त्र आपल्यावरच उलटलं, असं त्यांना वाटलं असावं. पण माणूस वादात प्रामाणिक होता, एवढं श्रेय मी त्यांना देते.

“पुरावा नाही, हे खरं,” ते शेवटी म्हणाले. “मिळेपर्यंत विधी नको. भावकीला मी सांगेन.”

त्यांनी सांगितलंही. दोन घरांनी आमच्याकडे जेवणं बंद केलं, बाकीच्यांनी कुरकुर केली आणि आंब्याच्या दिवसांत विसरून गेले. पळसाची पानं वाया कशी घालवायची म्हणून त्यांच्या पत्रावळी लावल्या. पहिल्या दिवशी त्यावर आमरस वाढला तेव्हा मी वेगळं ताट मागून घेतलं. नारळ मी सोलायला घेतला, तर काकूनं तो माझ्या हातातून काढून घेतला, पदराखाली धरून खाडीवर नेला आणि ओहोटीबरोबर सोडून दिला. मी मनात म्हटलं, एवढं सगळं सिद्ध केलं, पण हिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

माझी बोट दोन दिवसांवर आली. पुढे पावसाळ्यात बंदर बंद होणार, म्हणून तीच गाठायला हवी होती. बुधवार होता. काकू न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती, भोवती फणसाचे पापड उन्हात घातले होते. ती म्हणाली, “तू काय लिहिलंस ते मला मराठीत सांग गो.” मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटापर्यंत. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच एखादा पापड उलटत होती.

“छान लिहिलंस,” ती म्हणाली. “गुरवाला विचारलंस, भटजींना विचारलंस, चार घरी फिरलीस. मला कोणी विचारलं नाही.”

“काय विचारायचं तुला?”

“ते आहेत की गेले.”

मी तिच्याजवळ सरकून बसले.

“ते आले होते,” काकू म्हणाली. “असेच पापड घातले होते. तू शाळेत, भाऊजी शाळेत. मान वर केली तर समोर उभे. अंगातला कोट चिंब भिजलेला, बाह्यांतून पाणी गळत होतं, पण खाली अंगण कोरडं ठाक. मला म्हणाले, कडेचा पापड अजून ओला आहे, तो उचलू नको. आल्या आल्या माझ्या कामातली चूक काढायची, ही त्यांची रीतच. मला आधी हसू आलं. मग कळलं.”

“बोलले आणखी काही?”

“म्हणाले, कोणाला सांगू नकोस. सांगितलंस तर तुझे केस जातील. एवढंच बोलले. मी पाणी आणायला आत गेले आणि परत आले तो कोणी नाही. त्याच्यानंतर महिन्यानं त्यांचं शेवटचं पत्र आलं, आधी टाकलेलं. भाऊजींनी किती आनंदानं वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं.”

तिला शंका विचारावी, भास असेल म्हणावं, असं माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं. पण ती इतक्या साध्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी, की मी ती शंका तिथंच सोडून दिली. मला भीती वाटत होती आणि तिची कीवही येत होती. बारा वर्षं ही बाई एकटी विधवा होती. तिनं सुतक धरलं नाही, रडली नाही, हळदीकुंकवात हसून उखाणे घेतले.

“मग कौल?” मी विचारलं. “दरवर्षी आधी डावी का पडते?”

“देवी खरं सांगते,” काकू म्हणाली. “दरवर्षी आधी खरंच सांगते. मी दाराशी उभी राहून तिच्याकडे बघत राहते. मग ती बाईमाणूस आहे, बदलते.”

निबंध मी मुंबईला नेला तो जसाच्या तसा. शेवटच्या वाक्याला हात लावला नाही. ते खोटं आहे हे ठाऊक असून मी त्याखाली माझं नाव लिहिलं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. प्राध्यापकांनी चांगले गुण दिले आणि वर्गात सांगितलं, हिला पुराव्याची किंमत कळली.

काकू त्यानंतर चार-पाच वर्षांनी तापानं गेली. आजाराची तार मिळताच मी बोटीनं धावत आले होते, म्हणून शेवटी जवळ होते. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात हिरवा चुडा होता. ज्या घरांनी आमच्याकडे जेवणं सोडलं होतं त्यांच्या बायकासुद्धा तिची ओटी भरायला आल्या होत्या. पुण्यवान बाई, सवाष्ण गेली, असं म्हणत एकेक जण तिच्या पाया पडत होती. मळवट मी भरला. तिचे केस विंचरून मोकळे पसरले होते, तिरडीवर मावत नव्हते. अण्णा दाराशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, “तो आता परत आला तर त्याला काय सांगायचं गो?”

मी म्हटलं, “काकांना सांगू, ‘तुमचं ऐकलं तिनं.’”

त्यांनी त्याचा अर्थ विचारला नाही.